भाषाशाळेचा मासिक ‘श्टामटिश’ : आठ आठवड्यांच्या वर्गानंतरची सहा वर्षे

परदेशातील भाषाशाळांची परीक्षणे पुष्कळ वाचायला मिळतात. शिक्षक कसे होते, राहण्याची खोली कशी होती, परीक्षेत किती गुण मिळाले, एवढे सांगून ती बहुधा संपतात. विद्यार्थी घरी परतल्यावर त्याच्या भाषेचे आणि वर्गात जोडलेल्या माणसांचे काय होते, आणि त्यात शाळा काही हातभार लावते का, याविषयी क्वचितच कोणी लिहिते. मी २०१९ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे एका खाजगी भाषाशाळेत बी-२ पातळीचा, म्हणजे बऱ्यापैकी सहज बोलता येणाऱ्यांसाठीचा, आठ आठवड्यांचा वर्ग केला. ही शाळा माजी विद्यार्थ्यांसाठी दर महिन्याला ‘श्टामटिश’ नावाची एक ऑनलाइन बैठक भरवते आणि मे २०२० पासून मी तिला नेमाने जाते. हे परीक्षण त्या बैठकीचे आहे. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे शाळेचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही.

‘श्टामटिश’ म्हणजे जर्मन खानावळीतील किंवा पबमधील रोजच्या मंडळींचे राखीव टेबल. त्या टेबलावर बहुधा तशी पाटीही असते आणि नवख्या माणसाने तिथे सहज जाऊन बसायचे नसते. पुढे त्या टेबलाभोवती ठरल्या दिवशी जमणाऱ्या मंडळींनाही हाच शब्द लागू झाला. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला जर्मनचा तास संपवून ‘वैशाली’त ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन बसणाऱ्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याकडच्या कट्ट्यासारखीच ती आहे. फरक इतकाच की श्टामटिशचा वार आणि वेळ सहसा पक्की असते, आणि सहा वर्षांच्या अनुभवानंतर मला वाटते की सगळे मर्म त्या पक्केपणातच आहे.

आधी वर्ग संपल्यानंतरचे वर्ष सांगते, म्हणजे या सेवेची किंमत कळेल. आम्ही बारा जण होतो. शेवटच्या संध्याकाळी आउगुस्टिनरप्लात्सच्या पायऱ्यांवर, जिथे उन्हाळ्यात निम्मे गाव येऊन बसते, आम्ही व्हॉट्सअॅपवर गट काढला आणि रोज एक वाक्य तरी जर्मनमध्ये लिहायचे अशी शपथ घेतली. पहिल्या महिन्यात दिवसाला शंभर-शंभर निरोप येत. दुसऱ्या महिन्यात घाईच्या वेळी इंग्रजी वाक्ये डोकावू लागली, कारण फोनवर जर्मन लिहिताना चुका दिसतात आणि लिहिलेली चूक तिथेच राहते. चौथ्या महिन्यापर्यंत गटाची भाषा इंग्रजी झाली होती आणि वर्षअखेरीस केवळ वाढदिवसाच्या केकची चित्रे उरली. कोणाचे कोणाशी बिनसले नव्हते. पण ज्या भाषेत आमची मैत्री झाली ती भाषाच बाजूला पडल्यावर बोलायला काही उरले नाही. इंग्रजीत आम्ही एकमेकांना जवळजवळ परके होतो.

दुसरी अडचण तांत्रिक होती, आणि निरनिराळ्या देशांतील मित्र असलेल्या प्रत्येकाला ती येते. चीनमध्ये व्हॉट्सअॅप २०१७ पासून बंद आहे, त्यामुळे आमची चिनी वर्गमैत्रीण घरी पोहोचली त्या दिवशीच गटातून नाहीशी झाली. जपानी मैत्रिणीचे सगळे जग ‘लाइन’ या अॅपवर चालते, ती व्हॉट्सअॅप आठवड्यातून एकदा उघडते. इराणमधील इस्फहानच्या मित्राकडे सप्टेंबर २०२२ मध्ये व्हॉट्सअॅपवर बंदी आली ती डिसेंबर २०२४ मध्ये उठली. म्हणजे सव्वादोन वर्षे तो आमच्या गटात नावापुरता होता. या सर्व काळात सगळ्यांपर्यंत पोहोचणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे साधा ई-मेल. शाळेची बैठक ई-मेलमधील दुव्यावरून ब्राउझरमध्ये उघडते, कोणतेही अॅप लागत नाही. हा निर्णय ज्याने घेतला त्याने परदेशी विद्यार्थ्यांचा खरोखर विचार केला आहे, असे मी म्हणेन.

बैठक दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जर्मन वेळेनुसार दुपारी दोनला सुरू होते आणि सव्वा तास चालते. आमच्याच वर्गाच्या बाई ती चालवतात. आमच्या वर्गातले पाच-सहा आणि इतर वर्षांचे काही, मिळून आठ ते चौदा जण असतात. नियम एकच आहे: बोलायचे ते जर्मनमध्ये. शब्द अडला तर हातवारे करावेत, चित्र काढावे किंवा वस्तू दाखवावी, पण इंग्रजीचा आधार घ्यायचा नाही. बाई वाक्य मध्येच तोडून चूक सुधारत नाहीत. त्या बाजूला टिपून ठेवतात आणि रविवारी प्रत्येकाला त्याची तीन वाक्ये दुरुस्त करून ई-मेलने पाठवतात. तीनच, जास्त नाहीत. माझ्याकडे अशा वाक्यांची आता जाडजूड फाइल झाली आहे आणि विशेषणांच्या प्रत्ययांची माझी जुनी खोड कोणत्या वर्षी कमी झाली ते तिच्यात स्पष्ट दिसते.

विषय ठरवण्याची बाईंची हातोटी वाखाणण्यासारखी आहे. ‘सध्या काय चालले आहे’ असे विचारले की माणसे हवामान सांगून गप्प होतात, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून त्या काम देतात. एकदा प्रत्येकाने स्वयंपाकघरातील एक वस्तू कॅमेऱ्याबाहेर ठेवून तिचे नाव न घेता वर्णन करायचे होते. मी विळी घेतली. जमिनीवर हिच्यासमोर बसायचे, पायाने पाट दाबून धरायचा, पाते जागचे हलत नाही आणि भाजीच दोन्ही हातांत धरून पात्यावर नेतात, हे सगळे सांगताना मला घाम फुटला, कारण ‘कापणे’ या क्रियापदाचा कर्ता आणि साधन यांची माझ्या डोक्यातली जागाच उलटी झाली होती. इस्फहानच्या मित्राने गंभीरपणे विचारले की सुरी स्थिर आणि हात हलणारे, तर बोटे कशी वाचतात. मी विळी समोर धरून काकडी चिरून दाखवली आणि टोकाच्या खवणीचा उपयोगही सांगितला. त्यानंतर मेक्सिकोतील ओआहाकाच्या मैत्रिणीची पाळी होती. तिने वर्णन सुरू केले: दगडाचा, किंचित उतरता, तीन पायांचा, वर दुसरा लांबट दगड दोन्ही हातांनी पुढे-मागे ढकलायचा, मका आणि कोको वाटायचा. तिचे वाक्य पुरे होण्याआधी मी ओरडले की हे आमच्याकडेही आहे, फक्त त्याला पाय नाहीत. तिचे ‘मेताते’ म्हणजे आपला पाटा आणि वरचा तो वरवंटा. तिच्या आजीने वाटलेल्या कोकोचा आणि माझ्या आजीने वाटलेल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीचा वास आम्ही एकमेकींना जर्मनमध्ये सांगत होतो, आणि ज्यांची ही भाषा आहे त्यांच्या आजच्या घरांत ती वस्तू नाही. बाई शेवटपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. असे प्रसंग पाठ्यपुस्तकाच्या धड्यात बसवता येत नाहीत.

यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगावीशी वाटते. फ्रायबुर्गमध्ये असताना मला वाटे की जर्मन टिकवायची असेल तर जर्मन माणसांशीच बोलले पाहिजे. परत आल्यावर कामाच्या निमित्ताने जर्मन अधिकाऱ्यांशी माझा संबंध येतो, पण माझा उच्चार थोडा अडखळला की ते सौजन्याने इंग्रजीवर येतात. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. श्टामटिशमध्ये मात्र कोणाला दुसरीकडे वळायला वाटच नाही. जपानी मैत्रिणीला मराठी येत नाही, मला जपानी येत नाही, ब्राझीलच्या मित्राचे इंग्रजी माझ्या पोर्तुगीजइतकेच आहे. आमच्यापैकी कोणाचीच नसलेली भाषा आमची एकमेव सामायिक जागा आहे, म्हणून ती जपली जाते.

बाईंना संबोधण्याचा प्रश्नही इथेच सुटला, निदान निम्मा. वर्गात आम्ही त्यांना आदरार्थी ‘झी’ म्हणत होतो. पहिल्या ऑनलाइन बैठकीत, टाळेबंदीच्या त्या दिवसांत, त्यांनी आपणहून ‘डू’, म्हणजे ‘तू’, देऊ केला. जर्मन रीतीत हा मान वयाने किंवा अधिकाराने मोठ्या व्यक्तीनेच द्यायचा असतो आणि एकदा दिला की सहसा परत घेत नाहीत. बाकीच्यांनी लगेच स्वीकारला. ज्या माणसाला मराठीत ‘अहो बाई’ म्हणायची सवय आहे त्याची जीभ मात्र तिथे अडते. मी वर्षभर वाक्ये अशी फिरवून बोलत असे की सर्वनाम यायलाच नको. बाईंच्या ते लक्षात आले तेव्हा त्यांनी विचारले आणि मी तू, तुम्ही, आपण ही आपली तीन पायऱ्यांची व्यवस्था समजावून सांगितली. तेव्हापासून त्या मला ‘डू’ म्हणतात, मी त्यांना ‘झी’ म्हणते, आणि हे जर्मन कानाला विचित्र असले तरी आमच्या टेबलावर चालते.

वेळेविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण नव्या सभासदांची गाडी हमखास तिथेच अडते. जर्मनीत मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. त्यामुळे आपल्याकडे ही बैठक उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला असते. जपानमध्ये रात्री नऊ किंवा दहा, इराणमध्ये दुपारी साडेतीन किंवा साडेचार, ब्राझीलच्या कुरितिबात सकाळी नऊ किंवा दहा वाजलेले असतात. ओआहाकाच्या मैत्रिणीला उन्हाळ्यात पहाटे सहाला उठावे लागते. ती येते, केस ओले, हातात कॉफी, आणि सहसा सर्वांत जास्त तीच बोलते. शाळेच्या निमंत्रणात मात्र फक्त जर्मन वेळ असते. इतक्या वर्षांत आम्ही अनेकदा विनंती करूनही त्यात सुधारणा झालेली नाही.

या त्रुटीमुळेच माझ्या वाट्याला सहा वर्षांतली सर्वांत चांगली बैठक आली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०२१ ची भाऊबीज ६ नोव्हेंबरला, नेमकी पहिल्या शनिवारी होती. धाकट्या भावाला घाईघाईने ओवाळून, त्याला फराळाच्या ताटासमोर बसवून मी साडेपाचला संगणक उघडला. आदल्या रविवारी जर्मनीचे घड्याळ मागे गेले होते हे माझ्या ध्यानातच नव्हते. दालन उघडे होते, कारण यजमान येण्याआधीही त्यात शिरता येते, आणि आत एकटी मात्सुयामाची मैत्रीण बसली होती. जपानमध्येही घड्याळ मागे-पुढे होत नाही, त्यामुळे तिचीही तीच गफलत झाली होती. आम्ही दोघी तासभर बोललो. सुधारणारे कोणी नव्हते, ऐकणारेही कोणी नव्हते. तिने तिच्या गावातल्या दोगो ओनसेन या जुन्या स्नानगृहाची दुरुस्ती किती रखडली आहे ते सांगितले, आणि मासाओका शिकी या कवीचे ते गाव असल्यामुळे तिथे ठिकठिकाणी हायकू टाकण्याच्या पेट्या आहेत, त्यांतून लोकांच्या कविता गोळा होतात, हे सांगितले. मात्सुयामा हे फ्रायबुर्गचे १९८९ पासूनचे भगिनी-शहर आहे, ती फ्रायबुर्गला आली ती त्याच ओळखीने. मी तिला चकली दाखवली, सोऱ्या दाखवला, आणि भाऊबीज म्हणजे काय ते सांगताना माझा भाऊ मागून येऊन हात हलवून गेला. तिला भाऊ नाही, एवढेच ती म्हणाली, आणि मग थोडा वेळ आम्ही दोघीही बोललो नाही. परक्या भाषेत असा शांत वेळ मी त्याआधी कधी अनुभवला नव्हता. साडेसहाला बाकीचे आले तेव्हा आम्हाला नव्याने सुरुवात करणे जड गेले.

आता उणिवा. सर्वांत मोठी उणीव पातळीची आहे. बैठक सगळ्या माजी विद्यार्थ्यांना खुली असल्याने ए-२ या प्राथमिक पातळीपर्यंत शिकून परतलेली मंडळीही येतात आणि दोनदा येऊन तिसऱ्यांदा येत नाहीत. बाई त्यांना सांभाळून घेण्याची शिकस्त करतात, पण चौदा माणसांत एकट्या व्यक्तीला ते शक्य नाही. जे आधीच भाषा विसरत चालले आहेत त्यांनाच या सेवेची अधिक गरज आहे, आणि तेच गळतात. पहिली वीस मिनिटे दोन गट करून बसवावेत एवढी साधी सूचना मी लेखी दिली आहे. तिचे उत्तर अजून आलेले नाही.

शाळेच्या वार्तापत्राविषयी दोन वाक्ये पुरतील. त्यात माजी विद्यार्थ्यांविषयी काही नसते, नव्या वर्गांच्या जाहिराती असतात. ते बंद केले तरी श्टामटिशचे निमंत्रण येत राहते, तेव्हा खुशाल बंद करावे.

याहून गंभीर बाब वर्गमित्रांच्या पत्त्यांची आहे. आमच्या बारांपैकी तिघांचा पत्ता आज कोणाकडेच नाही. त्यांतल्या एका तुर्की ताईंनी मला आजारपणात आठवडाभर डाळीचे सूप आणून दिले होते. मी शाळेला लिहिले तेव्हा, युरोपातील विदासंरक्षणाच्या, म्हणजे वैयक्तिक माहिती जपण्याच्या, नियमांनुसार, जे मे २०१८ पासून लागू आहेत, दुसऱ्या विद्यार्थ्याचा पत्ता देता येत नाही, असे उत्तर आले. नियम योग्यच आहे आणि मला त्याविरुद्ध काही म्हणायचे नाही. पण नियम संमतीने माहिती देण्याची वाट ठेवतो. वर्गाच्या शेवटच्या दिवशी ‘माझ्या वर्गमित्रांना माझा ई-मेल द्यावा’ अशा एका ओळीखाली सही घेतली असती तर काम झाले असते. प्रमाणपत्र, खोलीची किल्ली आणि ग्रंथालयाची पुस्तके या तिन्हींसाठी त्या दिवशी आमच्या सह्या घेतल्या गेल्या होत्या, ही चौथी सही कोणाला सुचली नाही. माझे पत्र त्या ताईंच्या जुन्या पत्त्यावर पुढे पाठवा, एवढी विनंती शाळेने मान्य केली. त्याला आता तीन वर्षे होतील.

शुल्क पहिल्या वर्षी नसते, नंतर वर्षाला २४ युरो, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन युरो. पुण्यात एका संभाषणवर्गाच्या शुल्काशी तुलना केली तर हे काहीच नाही, आणि दुरुस्त वाक्यांचा ई-मेल एकटाच त्याहून अधिक मोलाचा आहे. जर्मनीत शिकून गेलेल्या सर्वांसाठी २००८ साली सुरू झालेले ‘अलुमनिपोर्टाल डॉइचलांड’ हे विनामूल्य व्यासपीठही आहे. शिष्यवृत्ती, नोकरी, परिषदा यांची माहिती हवी असेल तर तिकडेच जावे. पण ते जगभरच्या अगणित लोकांसाठी आहे, आणि मेतातेच्या गोष्टीला लागणारी जवळीक अशा ठिकाणी निर्माण होणे कठीण असते.

एका गोष्टीचे श्रेय शाळेला मोकळ्या मनाने द्यायला हवे. २०२३ मध्ये बाईंनी महाराष्ट्रातील माजी विद्यार्थ्यांना स्वतंत्रपणे लिहून, ज्यांची हरकत नाही त्यांचे पत्ते एकमेकांना दिले. आम्ही सात जण निघालो: दोघे पुण्याचे, एक नाशिकची, एक कोल्हापूरचा, बाकीचे मुंबई-ठाण्याचे. निरनिराळ्या वर्षांत त्याच वर्गखोलीत बसलेले, त्याच बेखलेंत, म्हणजे फ्रायबुर्गच्या रस्त्यांकडेने खेळवलेल्या उथळ पाटांत, पाय बुडवलेले. तीन महिन्यांतून एकदा आम्ही फर्ग्युसन रस्त्यावर भेटतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केल्यापासून आमच्या टेबलावर नवी माणसे येऊ लागली आहेत, विशेषतः परिचारिका. फ्रायबुर्ग त्याच राज्यात आहे. घरभाडे किती, रविवारी दुकाने खरोखर बंद असतात का, वरण-भाताची सोय कशी करावी, असे त्यांचे प्रश्न असतात. मागच्या खेपेला लातूरची एक मुलगी आली होती. तिने वहीत बावीस प्रश्न लिहून आणले होते आणि शेवटचा प्रश्न असा होता की तिथे ओळखी झाल्यावर परत येताना त्या कशा सोबत आणायच्या. मी तिला वर सांगितलेली चौथी सही स्वतःच सर्वांकडून घ्यायला सांगितली, कागदावर, फोनवर नाही.

शाळेची निवड अजून व्हायची असेल तर चौकशीच्या पत्रात एक प्रश्न अवश्य घालावा: वर्ग संपल्यावर माजी विद्यार्थ्यांची बैठक कोण चालवते, आणि ती व्यक्ती वर्गातली शिक्षिका आहे की कार्यालयातील कर्मचारी. आमच्या बाई दोन वर्षांनी निवृत्त होणार आहेत. त्यानंतर श्टामटिश चालू राहील की नाही हे शाळेने अद्याप कळवलेले नाही, म्हणून पाचपैकी चारच तारे देत आहे.

डिसेंबरच्या बैठकीसाठी ओआहाकाच्या मैत्रिणीने पाटा प्रत्यक्ष पाहायचा हट्ट धरला आहे. आजीचा पाटा सांगलीच्या घरी परसात, तुळशीशेजारी आहे. आता त्यावर कोणी वाटत नाही, पण त्याला टाकी लावून द्यायला मामा तयार आहेत. मी त्या शनिवारी सांगलीहूनच बैठकीला बसणार आहे आणि परसात नेट कितपत चालते ते पाहून ठेवायला मामेभावाला सांगितले आहे.